रविवारची डेगची

मी एक डेगची आहे. तांब्याची, रुंद बुडाची, आत वळलेल्या गळ्याची. मला तोंड आहे, पण वाचा नाही. आणि याचे दुःख मी आजवर कधी मनाला लावून घेतले नव्हते. भांड्याने शिजवावे, बोलणे माणसांवर सोडावे, असेच मला वाटे. परंतु यंदाच्या फाल्गुनातल्या एका रविवारी माझ्याच पोटात विष तयार होत होते, माझ्याच माणसांची ताटे मांडली जात होती, आणि ते कोणाला सांगण्याचा कसलाच मार्ग मला नव्हता. त्या दिवसापासून वाटते आहे, आपली हकीकत एकदा तरी कोणाच्या कानी घालावी.

माझा जन्म तांबटाच्या आळीतला. तांबड्या पत्र्यावर हातोडीचा एकेक ठोका पडत गेला आणि मी आकाराला आले. त्या ठोक्यांच्या खुणा माशाच्या खवल्यांसारख्या अजून माझ्या अंगभर आहेत. तांबट याला मठारणे म्हणतात. मठारल्याने तांबे टणक होते, टिकते. पण तांबे कितीही टणक झाले तरी स्वभावाने भोळे. आंबट काही लागले की ते विरघळून अन्नात उतरते. तांबे उतरलेल्या अन्नाला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे. ते अन्न ‘कळकते’. नासणे निराळे, आंबणे निराळे, करपणे निराळे. कळकणे या सर्वांहून निराळे, कारण अन्नात काहीच खोट नसते, खोट भांड्यात असते. म्हणून माझ्या पोटात कथलाचा पांढराशुभ्र लेप दिला गेला. हीच कल्हई. ती आहे तोवर मी अन्नदात्री. ती गेली, की माझ्या पोटात काय शिजते आहे हे पाहिल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नये.

गुलमंडीच्या बाजारपेठेमागे एका भांडेवाल्याच्या दुकानात मी टांगलेली होते. एका संध्याकाळी एक तरुण आला. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो नुकताच कायम झाला होता, आणि त्या आनंदातला पहिला पगार त्याच्या खिशात होता. त्याने माझ्याकडे बोट केले.

दुकानदाराने विचारले, “घरात माणसं किती?”

“दोन. मी अन् माझी बायको.”

“मग ही कशाला? हिच्यात वीस माणसांचं शिजतं.”

“शिजू द्या,” तो म्हणाला. “आमच्याकडं माणसं येतील.”

तो तरुण म्हणजे अप्पाराव. त्याने मला उराशी धरून घरी नेले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्यासमोर मला क्षणभर टेकवले आणि मग बायकोच्या, सत्यभामाबाईंच्या हाती दिले.

दोन माणसांच्या घराला एवढी मोठी डेगची कशाला, हे मला पुढे कळले. अप्पारावांचे गाव फर्दापूरच्या अलीकडे. ते लहान असताना गावातल्या एका मोठ्या घरचे लग्न होते. अंगणात तांब्याच्या डेगा चढलेल्या. अप्पारावांच्या वस्तीची पंगत सर्वांत शेवटी, कुंपणाच्या बाहेर. वाढणारा खाली वाकतही नसे. त्याची पळी वरूनच सुटे, अन्न ताटात पडे, कधी ताटाबाहेर पडे. त्या शेवटच्या पंगतीला डेगेच्या तळाशी उरलेली, सकाळपासून तशीच राहिलेली ताकाची कढी मिळाली. डेगेची कल्हई केव्हाच उडालेली. पंगतीतली निम्मी माणसे ओकून ओकून आडवी झाली. अप्पारावांची धाकटी बहीण रत्नमाला भुकेली होती, कढी पोटभर प्यायली होती. ती वाचली, पण अप्पारावांच्या मनातून ती कढी कधीच उतरली नाही. आपलीही एक डेगची असेल, तिच्यातले पहिले वाढप आपल्या माणसांचे असेल, हे त्यांनी तेव्हा ठरवले असावे.

या घरात आल्यापासून मी रविवारची झाले. इतर दिवशी फळीवर, रविवारी चुलीवर. सकाळी विहारातली वंदना आटोपून अप्पाराव परस्पर मटण घेऊन येत. सत्यभामाबाई कांदा आणि सुके खोबरे निखाऱ्यावर भाजून पाट्यावर वाटण काढीत. त्या वाटणाचा वास सुटला, की शेजारच्या भागूबाई भिंतीवरून विचारीत, “सत्यभामाबाई, आज रविवारच हाय का गं?” वाढताना मात्र या घराचा एक नियम होता, आणि तो अप्पारावांनी घातला होता. पळी ताटाला टेकली पाहिजे. वरून कोणी काही सोडायचे नाही. पाहुणा असो, भागूबाईंचे घर असो, की दारी आलेला वाटसरू असो. वाकायचे, पळी ताटाला टेकवायची, आणि मगच वाढायचे.

वर्षानुवर्षे मी हे पाहत आले. माणसे ‘खाणे’ आणि ‘जेवणे’ एकाच अर्थाने बोलतात. परंतु अप्पाराव रविवारी खात नसत, जेवत असत. त्या ताटात मटणाबरोबर आणखी पुष्कळ काही असे.

सुरुवातीला दर वर्षी दसऱ्याच्या आत माझी कल्हई होई. कल्हईवाला भाता आणि कोळसा घेऊन आमच्या वसाहतीत येई. मग तो येईनासा झाला. घरात चकचकीत पोलादी पातेली आली, त्यांना कल्हई लागत नाही. अप्पाराव निवृत्त झाले, मुलगा अतुल नोकरीला लागला, त्याचे लग्न झाले, जालन्याची सुलेखा सून म्हणून घरात आली. या सगळ्या गडबडीत माझ्या पोटातला पांढरा थर हळूहळू झिजत गेला. सत्यभामाबाई अधूनमधून आठवण करीत. अप्पाराव म्हणत, “मटणाला काय होतंय? त्याच्यात कुठं आंबट असतं?” ते खरेच होते. त्यांच्या घरच्या मटणात चिंच, दही, टोमॅटो कधीच पडत नसत, आणि शिजल्याबरोबर ते दुसऱ्या भांड्यात काढले जाई. म्हणून चालून गेले. चालून जाते म्हणूनच माणसे हयगय करतात.

मग एका पहाटे जिना चढताना अप्पारावांच्या छातीत कळ आली. रुग्णालयातून ते परतले तेव्हा त्यांचा आवाज तोच होता, पण पायरी चढताना हात भिंतीकडे जाऊ लागला. डॉक्टरांनी सांगितले होते, मटण महिन्यातून एखादे वेळी, तेही थोडे. तेल कमी, मीठ कमी. रोज वरण, उसळी, पालेभाज्या, ज्वारीची भाकरी.

बुधवारची अंडीकोंबडी सुलेखाने गाजावाजा न करता बंद केली. मटकीची उसळ आली, हुलग्याची शेंगोळी आली, उडदाचे घुटे आले. अप्पाराव कुरकुरत जेवत होते. पण बोलणे रविवारपर्यंत पोहोचले, आणि घरातली हवा बदलली.

“मामा, डाक्टर काय म्हणले ते ऐकलंत ना?” सुलेखाने ताट वाढता वाढता विषय काढला.

“डाक्टरला म्हणायला काय जातंय? त्यो काय माझ्या घरी जेवायला येणार हाय?”

“आला तर शेवग्याच्या शेंगाच मागंल.”

अतुलला हसू आले. अप्पारावांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. ते हसू जागच्या जागी विरले.

सुलेखा मागे हटली नाही. “कसं झालंय मामा, गोळ्यायचे पैसे मटणाला चाललेत अन् मटण खाल्लं की परत गोळ्या वाढायल्यात. घरात रोज डाळ-भाजी शिजली तर जीवबी सावरंल अन् घरबी.”

“म्हंजे दुखणं पैशाचं हाय व्हय?”

“जिवाचं हाय. पैशाचं त्याच्या मागून.”

“आई पौर्णिमेला सोडतीच की,” अतुल मध्येच बोलला. सत्यभामाबाई पौर्णिमेला अष्टशील पाळीत, त्या दिवशी त्यांना मटण वर्ज्य होते.

“ती तिच्या मनानं सोडती,” अप्पाराव म्हणाले. “सोडणं येगळं, सोडायला लावणं येगळं.” मग ते सुनेकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि मला तो चढलेल्या आवाजापेक्षा अधिक भयंकर वाटला. “ऐक पोरी. आमच्या बापाला लोकांनी सांगितलं, काय खायचं. कुठं बसून खायचं. कोणाच्या मागून खायचं. त्या डेगचीत काय शिजंल ते मी ठरवलं, म्हणून ती घेतली. आता तेबी तूच ठरवायलीस का?”

सुलेखाच्या हातातली पळी थांबली.

“माझे बाबाबी असंच बोलायचे,” ती म्हणाली. “अन् मीच वाढायचे त्यांना. ‘खा बाबा, रविवार हाय’ म्हणून आग्रह करायचे. गेले ते.” तिने पळी खाली ठेवली. “मला परत तसं वाढायचं नाय, मामा.”

दोघांचेही खरे होते. खोटे आणि खरे यांच्या भांडणाला शेवट असतो. खऱ्या-खऱ्याच्या भांडणाला तो लवकर सापडत नाही. मी फळीवरून पाहत होते आणि, खरे सांगायचे तर, माझेही मन दुभंगले होते. रविवारचे मटण गेले तर माझे काय उरणार? एक जड, जुने, घासायला त्रासाचे भांडे. मोडीत निघालेली माझी भावंडे मी पाहिली आहेत. पण ते मटण ज्यांच्यासाठी शिजायचे, त्यांचा हात भिंतीकडे जात होता, तेही मी पाहत होते.

शनिवारी अप्पारावांनी निर्वाणीचे सांगितले. “उद्या मी मटण आणणार. त्या डेगचीत दुसरं काय चढलं, तर ह्या घरात मी जेवणार नाय.”

रविवारी सकाळी अप्पाराव आणि सत्यभामाबाई विहारात गेले. अतुल अंघोळीला गेला. सुलेखाने फळीकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मला खाली उतरवले. ती माझ्याशीच बोलत होती की स्वतःशी, कोण जाणे.

“तुला वर ठेवलं तर म्हणतील, रविवारच काढून घेतला. तूच पाहिजे. रविवार तोच, डेगची तीच, वाटण आत्याबाईंचंच. मटण तेवढं नाय.”

तिने बाजारातून पोसलेल्या, गराने भरलेल्या शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या. अप्पारावांना मटणातली नळी चोखायला आवडते. शेंगही चोखूनच खावी लागते, एवढा बारीक विचार तिने केला होता. सासूने आदल्या दिवशी वाटून ठेवलेले वाटण तिने बेताच्या तेलात परतले. शिजलेली तुरीची डाळ घातली, शेंगा घातल्या. मीठ चिमटीने, मोजून. मग तिने चव घेतली आणि तिचा चेहरा पडला. कालवण अळणी लागत होते. असे कालवण पुढे ठेवले तर अप्पाराव एका घासात तिला हरवतील, हे तिला ठाऊक होते. मीठ वाढवायचे नाही, डॉक्टरांनी सांगितले आहे. मग चव आणायची कशाने?

तिने चिंच भिजत घातली. चांगली मूठभर.

चिंचेचा कोळ माझ्या बुडाला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदाच आंबट माझ्या पोटात पडत होते, आणि तेही अशा वेळी, की त्या पोटात कल्हईचा मागमूस उरला नव्हता. मी तिला कसे सांगू? तिने पुन्हा चव घेतली. आता ती हसली. चव आली होती. आणि खरोखरच, त्या क्षणापुरते ते कालवण निर्दोष होते. लगेच दुसऱ्या भांड्यात ओतले असते, तर कदाचित काहीच बिघडले नसते.

पण तिने शेगडी विझवली आणि माझ्यावर झाकण ठेवले. अप्पाराव येतील, झाकण त्यांनीच उघडावे, हा त्यांचा मान. ती त्यांच्या मानासाठी थांबली, आणि त्या थांबण्यातच विष वाढत गेले.

सत्यभामाबाई आधी परतल्या. दारातच त्यांनी नाक वर केले. “वास तर मटणाचाच यायलाय गं!”

“वाटण तुमचं हाय ना, आत्याबाई.”

“अन् मटण?”

सुलेखा भाकऱ्या थापू लागली. सत्यभामाबाईंनी झाकणाकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि पदराने तोंड पुसत त्या मटकन खाली बसल्या. “आता गं बाई,” एवढेच म्हणाल्या.

मटणाच्या दुकानावर गर्दी असावी. अप्पारावांना यायला पुष्कळ उशीर झाला. आले ते घामाने भिजलेले, हातात काळी पिशवी. मला शेगडीवर पाहून ते उंबऱ्यातच थांबले.

“काय हाय त्यात?”

“शेवग्याच्या शेंगा, मामा.”

पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली, बाहेर गेले, आणि ओसरीतल्या खुर्चीवर घराकडे पाठ करून बसले. “जेवा तुम्ही,” एवढे शब्द मागे वळून न पाहता आले.

रविवारी पहिला घास अप्पारावांचा. तो झाल्याशिवाय या घरात कोणी जेवत नाही. म्हणून कोणी ताटाला हात लावला नाही. भाकऱ्या निवल्या. मी झाकणाखाली होते, माझ्या भिंतींतून तांबे कणाकणाने सुटत होते, आणि मनात एकच मागणे होते: असेच रुसून राहा, अप्पाराव. पण त्याच वेळी त्यांची दुपारची गोळी जेवणाविना अडली होती. ते जेवले तरी भय, न जेवले तरी भय.

“अप्पा, चला की,” अतुल दारात जाऊन म्हणाला. “लेकरावानी रुसायलात.”

“रुसायला मी काय नवी नवरी हाय?”

“अहो, गोळी घ्यायची हाय,” सत्यभामाबाई आतून म्हणाल्या. “उपाशीपोटी कशी घेणार?”

“नाय घेत.”

त्या ‘नाय घेत’ने सुलेखाचा धीर सुटला. ती उठली. “बरं. मामा जेवत नायत तर मीबी जेवत नाय. पण आत्याबाई, तुम्ही बसा. अतुल, बस तू.” तिने झाकण काढले. दोघांची ताटे वाढली. मग तिसरे ताट घेऊन ती बाहेर गेली, अप्पारावांसमोरच्या स्टुलावर ते ठेवले, परत आत आली आणि मलाच दोन्ही हातांनी उचलून ओसरीत घेऊन गेली. घरातला कर्ता पंक्तीला येत नसेल, तर पंगत त्याच्याकडे न्यायची, असे तिने ठरवले होते.

ती वाकली. पळी ताटाला टेकवली. आणि वाढण्यासाठी तिने मला किंचित कलते केले.

ओसरीत ऊन होते. ते सरळ माझ्या पोटात शिरले.

अप्पाराव पाहणार नव्हते. पण पळी ताटाला टेकल्याचा आवाज आला आणि नजर आपसूक वळली. मला जे सांगता येत नव्हते, ते त्या क्षणी उन्हाने दाखवले. कालवण एका बाजूला गेल्यामुळे माझी आतली बाजू उघडी पडली होती. ती पांढरी नव्हती. काळवंडलेलीही नव्हती. चिंचेने ती खरवडून काढली होती, आणि ती लालभडक चकाकत होती, नव्या तांब्यासारखी.

“अतुल!” ते ओरडले. “थांब! घास टाक!”

खुर्ची उलटली. छातीवर हात दाबत ते आत धावले. अतुलने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून वर उचलला होता. अप्पारावांनी त्याच्या हातावर फटका मारला, पायाने ताट दूर लोटले, सत्यभामाबाईंचे ताट ओढून घेतले. कालवण भिंतीवर उडाले.

अतुल ताडकन उठला. “बास झालं, अप्पा! नाय आवडत तर नका खाऊ. आमच्या ताटाला लाथ मारायलात? ह्या घरात?”

तसे शब्द त्या घरात कधी उच्चारले गेले नव्हते. सत्यभामाबाईंनी डोळे मिटून घेतले. सुलेखा मला धरून दारातच खिळली होती.

अप्पारावांना धाप लागली होती. ते बोलू शकत नव्हते. त्यांनी हातानेच विचारले: घास तोंडात गेला का?

“नाय गेला,” अतुल तुटकपणे म्हणाला.

“आई, तू?” त्यानेच वळून विचारले.

“न्हाई,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “मी अजून भाकरीच मोडीत होते.”

मग अप्पाराव दाराशी आले. त्यांनी सुनेच्या हातून मला घेतले, उन्हात नेले आणि तिरके धरले. “बघा,” ते म्हणाले. “समदे या, अन् बघा.”

सगळे माझ्यात डोकावले. मला लाज वाटली.

“कळकलंय. कशानं आंबट केलं?”

“चिंच,” सुलेखा म्हणाली. “मीठ कमी घातलं होतं मामा. चव येत नव्हती, म्हणून जरा जास्तच…”

तिला अर्थ कळला तसे ती भिंतीला टेकली. “मी विष वाढायला निघाले होते.”

“तू नाय.” अप्पारावांनी कालवण मोरीत ओतले. शेंगा बाहेर पडल्या. त्यांनी मला खाली ठेवले आणि माझ्याजवळच जमिनीवर बसले. “तुला कोणी सांगितलंच नव्हतं. कल्हई करून आणायची माझी गोष्ट होती. दरसाल म्हणायचो, मटणाला काय होतंय.” बराच वेळ ते माझ्या लाल पोटाकडे पाहत राहिले. “ती कढीबी अशीच होती. रत्नीनं लई पिली होती. म्हणून तर ही घेतली मी. अन् आज माझ्याच डेगचीतून, माझ्याच घरात, म्या माझ्या लेकरायला शेवटच्या पंगतीला बसवलं.”

अतुल त्यांच्याशेजारी येऊन बसला. पाण्याचा तांब्या तेवढा त्याने पुढे सरकवला.

ओट्यावर काळी पिशवी तशीच होती. दुपार उलटून गेली होती, सगळे उपाशी होते, आणि आता ते मटण कढईत पडायला कोणाचीच आडकाठी नव्हती. अप्पाराव जिंकले होते. सुलेखालाही ते कळले. तिने डोळे पुसले, उठली, आणि मुकाट्याने पिशवीकडे हात नेला.

“शेंगा उरल्यात का?” अप्पारावांनी विचारले.

तिचा हात थबकला. “काय मामा?”

“शेवग्याच्या शेंगा. उरल्यात का?”

“हायेत. थोड्या.”

“मग त्याच टाक. त्या स्टीलच्या पातेल्यात टाक.” ते भिंतीचा आधार घेत उठले. “अन् ती पिशवी भागूबाईला दे. तिच्याकडं नातवंडं आलीयत.”

“अन् चिंच?”

“चिंच राहू दे की. मीठ कमी हाय म्हणतीस ना?”

त्या दिवशी जेवण झाले ते उन्हे कलल्यावर. मी मोरीत पालथी पडून ऐकत होते. पळी ताटाला टेकल्याचा आवाज आला. मग शेंग चोखल्याचा आवाज.

“कशी लागती?” सत्यभामाबाईंनी भीत भीत विचारले.

“नळी चोखल्यावानी हाय,” अप्पाराव म्हणाले. “आत काय सापडत नाय. पण चोखायला बरी.”

पहिल्यांदा सुलेखा हसली, मग अतुल.

दोनेक दिवसांनी अप्पारावांनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि रिक्षाने गुलमंडीकडे नेले. मागच्या गल्लीत अजून एक म्हातारा कल्हईवाला बसतो. त्याने माझ्या पोटात हात फिरवला आणि तो चुकचुकला.

“अरे मियाँ, इसकू तो बरसों हुए कल्हई देखके! खाना कैसा पकाते थे?”

“चुकलं चाचा,” अप्पाराव म्हणाले. “आता करा.”

“पकाते क्या इसमें? गोश्तच ना? तो पतला हात मार देतूँ. चल जाता.”

भाता हलू लागला होता, कोळसे लाल झाले होते. मला अप्पारावांच्या चेहऱ्याकडे पाहता येत नव्हते. मी निखाऱ्यांवर होते. पण आवाज ऐकला.

“नको चाचा. जाड करा. आता आंबटबी शिजायचंय हिच्यात.”

नवसागराचा पांढरा धूर उठला. वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने माझ्या पोटात सगळीकडे पसरले. इतकी आग मी कधी सोसली नव्हती, आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. त्या घरात चिंच कोणासाठी शिजणार होती, हे मला आता ठाऊक होते. रविवारचे मटण अप्पारावांना कोणी सोडायला लावले नव्हते.

आता मी पुन्हा आतून पांढरी आहे. महिन्यातल्या एका रविवारी मटण, इतर रविवारी कधी शेंगा, कधी पातवडीचा रस्सा, कधी चिंचेतली वांगी. पुढच्या तपासणीत डॉक्टर काय सांगतील, ते मला माहीत नाही. अप्पारावांचा हात जिन्यात अजून भिंतीकडे जातो. वाचवलेल्या पैशांतून सुलेखाने माझ्या पुढच्या कल्हईची सोय आधीच करून ठेवली आहे. सत्यभामाबाई म्हणतात, एवढी काळजी नवऱ्याचीसुद्धा घेत नाही ही.

तुमच्या घरी फळीवर माझी एखादी बहीण धूळ खात असेल, तर तिला खाली उतरवा आणि उजेडात तिच्या पोटात डोकावा. आतून लाल दिसली, तर आधी कल्हई करा. मग तिच्यात काय शिजवायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. मटण असो की शेंगा, मी सांगणारी कोण? एवढे मात्र करा. वाढताना वाका, आणि पळी ताटाला टेकू द्या.